नुसता चिखल

सोळाव्या वर्षी मी एका सरकारी साहेबाला आमच्या खाडीबद्दल एक वाक्य सांगितलं. “काही नाही साहेब, नुसता चिखल आहे.” किती स्वच्छ बोलले होते. हेल नाही, अडखळणं नाही, रेडिओवरच्या बाईसारखं. साहेबाने खूश होऊन मला ग्लुकोजचं बिस्कीट दिलं आणि मी ते तिथंच, सगळ्यांसमोर, कडेकडेने कुरतडत खाल्लं. तसे मूर्खपणाचे प्रकार मी आयुष्यात पुष्कळ केले. मला बघायला आलेल्या मुलाच्या मिशीला हसले, आणि पुढे त्याच मिशीसमोर जन्म काढला. एकदा जत्रेतून दुसऱ्याच बाईचं पोर हाताला धरून घरी घेऊन आले. त्यांची मला लाज वाटत नाही, ते मी नातवंडांना मीठमसाला लावून सांगते. ते बिस्कीट मात्र अजून घशात आहे. आणि म्हातारी आता मन मोकळं करायला बसली आहे, असं कुणी समजू नये. मला राग आला आहे म्हणून मी लिहिते आहे.

आमचं घर खाडीच्या काठाला होतं. मागे माड, पुढे खाजण, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. वडील मालाच्या बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा येत आणि घरात असेपर्यंत जमीन हलत नाही म्हणून बेचैन असत. त्यामुळे घर आईचं, आणि आईइतकंच आतेचं. आते म्हणजे वडिलांची बहीण, सुभद्रा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला एका पत्र्याच्या ट्रंकेसह आमच्या दारात आणून सोडलं. ती आली त्या दिवशीच्या दुपारी, आईने पान वाढायच्या आत, ती कासोटा घालून खाजणात उतरली होती आणि संध्याकाळी टोपली भरून मुळे घेऊन आली होती. मुळे म्हणजे तुमच्या शहरात ज्यांना शिंपल्या म्हणतात त्यातलाच एक प्रकार. त्या दिवसापासून ती आमच्या घरात कधी फुकट जेवली नाही. कुणी तिला तसं म्हणणार नव्हतं, पण म्हणायची सोयच तिने ठेवली नाही. ती कुणाच्या ताटातलं खात नव्हती, ताटात घालत होती. तिचा ताठ कणा, तिचं मोठ्याने हसणं, दारावरून जाणाऱ्या पुरुषालाही टोमणा मारायची तिची हिंमत, सगळं त्या चिखलावर उभं होतं.

ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सुकती लागली की खाडी बोलायला लागायची. हे मी काव्य करत नाही. तापल्या तव्यावर मीठ टाकलं की जसं चुरचुरतं तसा सगळ्या खाजणभर आवाज. बिळांतून बुडबुडे फुटत, निवट्या, म्हणजे चिखलावर उडणारे मासे, टपाटप उड्या मारत, एक हात मोठा असलेले तांबडे कुरले, म्हणजे खेकडे, आपापल्या दारात उभे राहून तो हात हलवत, जसे आमचे शेजारी पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. आते कमरेत वाकून पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपत पुढे सरकायची. मी लहान असताना तिच्याबरोबर जायची आणि चिखलाकडे डोळे फाडून बघायची, तेव्हा ती म्हणायची, “डोळ्यांनी नाय गो, पायांनी बगूचा. आंगठ्याक कळता.” आणि खरंच कळायचं. मुळा टोकदार लागतो, तिसरी नावाची शिंपली गुळगुळीत, खुब्याच्या पाठीला रेघा. टोपलीतला माल ती बांबूच्या रोवळीत धुवायची, आणि रोवळीच्या फटींतून जे खाली पडेल ते खाडीचं. पावसाच्या तोंडावर ती उतरायचीच नाही. शेजारची एक बाई एकदा उतरली तर आतेने काठावरून तिला सुनावलं, “दूध भरलाहा त्येंच्यात. आता काडलंस तर फुडच्या वर्सा काय खातलंस, माती?”

रात्रभर मुळे पाण्यात ठेवायचे, म्हणजे ते पोटातली रेती ओकतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या त्या पातेल्यातून टक्‌, टक्‌ आवाज यायचे, मध्येच एखादा चुळूक करून पाणी उडवायचा, आणि मांजर दचकून मागे व्हायचं. सकाळी आई विळीवर एकेक उघडायची, एक शिंप टाकायची, मांस चिकटलेली दुसरी ठेवायची. ओलं खोबरं, धने, लाल मिरची, आंबटाला दोन सोलं. त्याला आम्ही एकशिपी म्हणतो. उकड्या तांदळाच्या भाताबरोबर ती खाताना घरात कुणी बोलायचं नाही, नुसता ताटात शिंपा पडण्याचा आवाज. कालवं खडकाला चिकटलेली, ती आते तिथंच कोयत्याने फोडून आणायची. कोळंबी पागायची, म्हणजे जाळं फेकून धरायची. कुर्ल्या अंधाऱ्या पंधरवड्यात भरलेल्या असतात आणि चांदण्यात पोकळ, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आज माझ्या फ्रिजमध्ये प्लास्टिकच्या डब्यात कुठल्या तरी तळ्यात वाढवलेली कोळंबी असते. सून चांगला स्वयंपाक करते. मी मुकाट खाते आणि मनात शिव्या देते, सुनेला नव्हे.

आता त्या सोळा वर्षांच्या शहाणीबद्दल. मालवणच्या हायस्कुलात गेल्यापासून मला शुद्ध बोलण्याचं वेड लागलं होतं. “माका” म्हटलं की बाई छडी नाही मारायच्या, फक्त हसायच्या, आणि ते छडीपेक्षा लागायचं. मी घरी येऊन आरशासमोर “मला, तुला, कुठे, आहे” असा जप करायची. गोठ्यात म्हशीला सुद्धा “जरा बाजूला हो पाहू” म्हणायची. आई म्हणायची, “म्हस काय तुझ्या शाळेत गेली नाय. तिका कळात असा बोल.” पायांना चिखलाचा वास येतो म्हणून मी खाजणात उतरणं सोडलं होतं. नारळाच्या सोडणाने टाचा घासून घासून लाल करायची, वर पावडर लावायची. आते गंमतीने माझ्या पायांना नमस्कार करायची, “लक्षुमी इली, लक्षुमी. वाट सोडा.” मला राग यायचा. मी तिच्याशीही शुद्ध बोलायची आणि ती मला मुद्दाम “हां बाईसाहेब” म्हणायची.

त्याच सुमारास खाडीवर बांध घालायची गोष्ट निघाली. खाडीच्या तोंडाशी मातीचा बांध, त्याला लाकडी झापडं, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर जाईल आणि समुद्राचं आत येणार नाही. खाजण सुकेल, खारं धुऊन जाईल, भात पिकेल. ज्याची जमीन खाजणाला लागून होती तो गावचा खोत सगळ्यांत पुढे होता. भाताला मी नावं ठेवत नाही. त्या काळी उकड्या तांदळाची पेजही पुष्कळांना पोटभर मिळत नव्हती, हे मला माहीत आहे. पण खाडीच्या पलीकडे उभं राहून बघणाऱ्याला खाजण म्हणजे वाया गेलेली जमीन वाटते. पाणी हे पाणी, जमीन ही जमीन, आणि दोघांच्या मध्ये जे आहे ते काहीच नाही. हा मूर्खपणा नुसता माझा नव्हता. मी फक्त तो चांगल्या उच्चारात बोलून दाखवला.

साहेब जीपमधून आला. घाटावरचा माणूस, गोरा, घामाने निथळलेला, स्वभावाने वाईट नव्हता. माडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, शहाळी फोडली होती. सुकती होती. खाजणात बायका वाकलेल्या होत्या, भरतीच्या आधी टोपल्या भरायच्या म्हणून कुणी वर आलं नव्हतं, आणि कुणी त्यांना बोलावलंही नव्हतं. साहेबाने एकदोघा म्हाताऱ्यांना काही विचारलं, त्यांचं मालवणी त्याला कळेना. तेव्हा खोताने मला पुढे ओढलं. “ही आमची लीला. मॅट्रिकला बसणार आहे. हिला विचारा, ही नीट सांगेल.”

साहेब म्हणाला, “बाळ, या खाजणात काय मिळतं? म्हणजे काही उत्पन्न, काही उपयोग?”

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं. मुळे, तिसरे, खुबे, कालवां, चिंगळां, कुर्ल्यो, निवटे, शेंगाळे, काळुंदरां, तांबोशीची पिल्लां, आणि आते ज्याला नुसतं “ता लांबडा” म्हणायची तो नाव नसलेला किडा सुद्धा. आणि सगळं आलं ते आतेच्या आवाजात. त्यातलं एकही नाव माझ्या मराठीच्या पुस्तकात नव्हतं. पुस्तकात एक शिंपला होता, पण त्यात मोती होता. आमच्या शिंपल्यांत मांस. साहेबासमोर “खुबे” म्हणायचं तर खोताचा मुंबईहून आलेला मुलगा शेजारी उभा, पांढऱ्या पँटीत, आणि मला वाटलं की मी ते नाव उच्चारलं तर सगळे माझ्या पायांकडे बघतील. म्हणून मी ते वाक्य बोलले. काही नाही साहेब, नुसता चिखल आहे.

“छान बोलते मुलगी,” साहेब म्हणाला. बिस्कीट आलं. खाजणावर आवाज सरळ जातो, मध्ये अडायला काही नसतं. बिस्कीट खाताना मी सहज तिकडे पाहिलं तेव्हा वाकलेल्या बायकांमधली एक सरळ उभी राहिलेली होती. थोडा वेळ ती तशीच उभी होती. मग पुन्हा वाकली.

माझ्या वाक्यामुळे बांध झाला असं मी म्हणत नाही. मी काय पंतप्रधान होते? बांध होणारच होता. पण झालं असं की बायकांना जेव्हा नीट कळलं, तेव्हा त्या आतेला पुढे घालून खोताच्या अंगणात गेल्या. आते म्हणाली, “सायबान आमका कित्या नाय इचारला?” आणि खोताने सुपारी कातरत, वरही न बघता उत्तर दिलं, “तुमच्याच घरातला शिकलेला चेडू बोलला, थंय काय नाय. आता तुमी मुळे नि खुबे खंयसून हाडलास?” पुढे ज्याने ज्याने तोंड उघडलं त्याला हेच उत्तर मिळालं. माझं वाक्य गावात झापडासारखं बसलं. बायका घरी आल्या.  त्या दिवशी आतेने मला बाईसाहेब म्हटलं नाही.

शिमगा झाला आणि बांधाचं तोंड बुजवलं. पहिले काही दिवस काही वाटलं नाही. मग चिखलाला भेगा पडल्या. भेगांतून मुळे वर आले, तोंडं वासून. मी आजवर पुष्कळ वास घेतले, पण तो वास दारं लावली तरी भातात यायचा. बगळे, घारी, कावळे, कुठकुठले पक्षी येऊन तुटून पडले. लोक म्हणाले, बघा केवढे पक्षी आले. मेजवानी संपल्यावर तेही गेले. आणि खाजण गप्प झालं. सुकती नाही, भरती नाही, चुरचुर नाही. मांजर रिकाम्या पातेल्याशी जाऊन बसायचं.

आते रोज बांधाच्या आत उरलेल्या डबक्यांत उतरायची, जिवंत सापडतील ते मुळे रोवळीत घ्यायची, बांधावर चढून पलीकडे समुद्राच्या बाजूला नेऊन चिखलात रोवायची. लोक हसले. मीही एक दिवस गेले, चपला घालून. एक चप्पल चिखलात राहिली ती अजून तिथंच असेल, त्या खाडीत माझी तेवढीच भर. पलीकडे ओढ फार, नुसती रेती. आतेने लावलेलं तिथं काही टिकलं नाही. तरी ती जात राहिली, डबकी आटेपर्यंत.

मग ती जेवायला मागे बसू लागली. आईच्याही नंतर. पेजेतलं वरचं पाणी स्वतःला, खालची शितं आम्हाला. आईच्या लक्षात आलं तेव्हा तिने पातेलं आपटलं. “भावाच्या घरात खातंस, लोकाच्या नाय.” आते म्हणाली, “खातंय मगो. भूक नाय.” जिच्या हसण्याने कोंबड्या उडायच्या ती बाई दारावरून कुणी गेलं तर आत व्हायला लागली. पावसाच्या आधी तिने ट्रंक काढली आणि काजूच्या कारखान्यात कामाला गेली, तिथंच चार बायकांत राहायला.

भात पिकला का, असं तुम्ही विचाराल. पिकला, खुरटा. दोन-तीन वर्षं. मग झापडं कुजली, खारं पाणी पाझरून आलं, गोडं पाणी आत साचलं, आणि जे झालं त्याला ना शेत म्हणता येईल ना खाडी. पानकणसं वाढली, डास झाले. खोत मुंबईला मुलाकडे गेला. आणि पुढे बंदरातले पागी तक्रार करू लागले की तांबोशी मिळत नाही, कोळंबी गेली कुठे. कुठे जाणार? ती पिल्लं आमच्या पोरांसारखी, वाढायची खाडीत आणि मग कमवायला बाहेर. घरच बुजवल्यावर बाहेर कोण जाणार? हे आता टीव्हीवर फार चांगल्या मराठीत सांगतात. मी आवाज बंद करते.

कारण आता गोष्ट एका खाडीची राहिली नाही. माझा नातू तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेऊन दाखवतो. परवा घरी आला आणि जेवता जेवता थांबला. “आजये, खालचा प्रवाळ पांढरा पडलो,” म्हणाला. “पाणी तापला. जे मासे माका वळखीत ते दिसनत नाय.” जाळ्यात बांगड्याऐवजी जेलीफिशचा गोळा येतो, असं बंदरावर रोज ऐकते. तेव्हा खाडीला बांध होता, तो हाताने दाखवता तरी यायचा. तापलेल्या पाण्याला कुठून फोडायचं? आणि जे तापवतात ते सगळे माडाखालच्या खुर्च्यांत बसलेले, शहाळी पीत, आणि चांगलं बोलणारे.

मागे जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, एका सुनावणीला गेले होते, दुसऱ्या एका खाडीत काही तरी मोठं बांधायचं आहे म्हणून. तरुण अधिकारी, एसीची खोली. तो म्हणाला, तिथं विशेष असं काही नाही. मी उठले, गुडघे धरून, आणि सगळी नावं घेतली. मुळ्यापासून त्या लांबड्यापर्यंत. तो हसून म्हणाला, “आजी, मराठीत सांगा ना.” मी म्हटलं, “मराठीत ह्येंका नावां नाय बाबा. तुका व्हयी तर तू ठेव, पण आधी चिखलात उतर.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचाही राग आला. तिथं टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कितीकांनी आपल्या पोरांना “माका” म्हटल्याबद्दल दटावलं असेल, ते मला ठाऊक आहे. नावं गेली की जे होतं ते नव्हतंच असं म्हणणं किती सोपं होतं, ते माझ्याइतकं कुणाला कळणार.

बांध झाला त्या वर्षी आते चवथीला घरी आली. गणपतीसमोर वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिचे हात पाहिले. काजूच्या टरफलाच्या चिकाने बोटं काळी पडली होती, सालं निघाली होती. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, चल, फिरून येऊ. आम्ही बांधावर गेलो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला तो खुरटा भात. ती पायाच्या अंगठ्याने बांधाची माती उगाच चाचपत होती.  मग मला विचारायचं होतं ते विचारलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून तिच्या बोलीत आलं. “आते, तू माझ्यार रागावलंस?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भाताकडे बघत म्हणाली, “रागावतलंय कित्या. तुका सांगूक येत नाय होता, तर माका हाक मारूची होती गो. मी थंयच होतंय, चिखलात.”